लघवीची नळी वेळेवर काढण्याचा आदेश काढा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

प्रोस्टेट किंवा मुतखड्यासाठी दाखल झालेल्या रुग्णाला वॉर्डातच जंतुसंसर्ग होतो, आणि जंतू असे की सिप्रोफ्लॉक्सॅसिन या नेहमीच्या प्रतिजैविकाला दाद देत नाहीत. क्लेब्सिएला नावाचे काही जंतू तर मेरोपेनेम या राखीव, जास्त ताकदीच्या प्रतिजैविकालाही जुमानत नाहीत. मग उरते कोलिस्टिन हे शेवटच्या पर्यायाचे औषध, जे मूत्रपिंडालाच इजा करू शकते. खड्याने ज्याचे मूत्रपिंड आधीच बेजार आहे, त्याला ते द्यायचे कसे?

जनजागृतीची पोस्टर्स पुरे झाली. वॉर्डात चुकते ते सांगतो.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातल्यापासून रोज 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिनाभराने जवळपास सगळ्यांच्याच. नळीच्या आत त्यांचा चिकट थर बसतो आणि त्यात औषध नीट शिरत नाही. तरीही ‘नळी आहे तोवर प्रतिजैविकाच्या गोळ्या चालू’ ही सवय सुटत नाही. त्याने संसर्ग टळत नाही, फक्त चिवट जंतू तेवढे मागे उरतात. नळी काढणे हाच इलाज, पण ती कधी घातली हेच पुष्कळदा केसपेपरवर नसते. डॉक्टरांनी ‘काढा’ लिहीपर्यंत सिस्टर हात लावू शकत नाहीत, आणि मध्ये सुट्टी आली की आणखी दोन दिवस जातात.

युरोबॅग (नळीतली लघवी साठवणारी पिशवी) मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. एक्स-रेला नेताना ती स्ट्रेचरवर रुग्णाच्या पोटावर ठेवतात आणि नळीतली लघवी उलटी फिरते. खाटेला हुक नाही म्हणून एरवी ती फरशीवर. (हुकासाठी निविदा काढावी लागू नये.)

सर्वांत मोठा घोळ कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा. नमुना पिशवीतून घ्यायचा नाही. नळीचा पोर्ट (नमुना घेण्याचे तोंड) पुसून निर्जंतुक सिरिंजने घ्यायचा. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी बदलायची, मग नवीतून घ्यायचा. नमुना 2 तासांत प्रयोगशाळेत पोचावा, नाहीतर 4 अंशांवर ठेवावा. ग्रामीण रुग्णालयातली बाटली मात्र गाडीची वाट पाहत दुपारभर टेबलावर असते. उबेत ई. कोलाय हा लघवीच्या संसर्गातला नेहमीचा जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळी रिपोर्टसाठी पेरलेला नमुना मिलिलिटरमागे लाखाच्या वर जंतूंचा आकडा दाखवणारच. रुग्णाला ना ताप, ना जळजळ, तरी मेरोपेनेम सुरू! लक्षणे नसताना नुसत्या जंतूंवर उपचार लागतात ते मुख्यतः गरोदर स्त्रीला आणि मूत्रमार्गात रक्तस्राव होईल अशा शस्त्रक्रियेआधी. जंतूंची वाढ रोखणाऱ्या बोरिक अ‍ॅसिडच्या बाटल्या पुरवल्या तर आकडा प्रवासात फुगणार नाही.

म्हणून शासन निर्णयात एवढे हवे: नळीला घातल्याच्या तारखेची चिठ्ठी, गरज संपली की ठरलेल्या निकषांवर सिस्टरने नळी काढण्याची मुभा, पहिल्या डोसआधी कल्चर. मेरोपेनेम मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे कडक नोंदीनेच विकायच्या औषधांच्या यादीत, आहे. मेडिकलवाल्याने त्याच्या विक्रीची वेगळी वही 3 वर्षे जपायची असते. त्या वह्या तपासायला अन्न व औषध प्रशासनाला सांगावे.

आणि दरमहा आकडा मागवाल तो 1000 नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) किती संसर्ग, असा मागवा. नुसती रुग्णसंख्या मागवलीत तर मोठी रुग्णालये उगाच वाईट ठरतील, आणि जिथे कल्चरच होत नाही तिथे शून्य भरून येईल.

आपले,
मूत्ररोग विभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांत काम करणारे