भिंग आधी तिच्या हातात देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठं लिहायचं नाही, असं तुम्ही फोनवर बजावलंत म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार आहे. आमच्या शेडमध्ये त्या दिवशी जे घडलं ते मशीनवर उभं राहणाऱ्या प्रत्येक पोरानं, पोरीनं वाचावं आणि त्यांच्या साहेबांनी तर दोनदा वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

गाभाऱ्याच्या दाराचे पितळी पत्रे परवा बसले. कडेनं वेलबुट्टी, मधे समोरासमोर दोन मोर. गावातल्या आज्ज्या पिसाऱ्यावरून बोट फिरवत होत्या आणि मला रडू आवरत नव्हतं. कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या आमच्या कोरीवकामाच्या मशीनवर हे पत्रे कोरले, आणि या पिसाऱ्यानंच आमची झोप घालवली होती. सरळ रेघ आरशासारखी स्वच्छ यायची. वळण लागलं की तीच रेघ कुठं जाड, कुठं बारीक, कडेला दातरे, मधेच टोचल्यासारखा ठिपका. पत्र्याच्या मध्यावर वेल ठसठशीत आणि कोपऱ्यांत पुसट. नवरात्राच्या आत दार लागायचं होतं आणि पितळेचा भाव तर तुम्हाला ठाऊकच आहे. भंगारात टाकलेल्या प्रत्येक पत्र्याबरोबर माझा जीव खाली जायचा.

तुमच्या आधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. एक जण मशीनच्या सर्व्हिसचा. आल्याआल्या त्यानं मला विचारलं, "साहेब कुठायत?" मीच मालकीण, म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "ऑपरेटर नवीन आहे का?" जॉबकडे, म्हणजे कोरलेल्या पत्र्याकडे, नजरही न टाकता "फीड कमी करा", म्हणजे टूल हळू सरकवा, असं सांगून, व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. फीड कमी केलं तर टूल कापायच्या ऐवजी घासायला लागलं, बर, म्हणजे रेघेच्या कडेला उरणारी धातूची कूस, वाढली, टूलचं टोक लवकर बोथट व्हायला लागलं. दुसरा सॉफ्टवेअरवाला. कोपरे टोकदार यावेत म्हणून त्यानं प्रोग्रामच्या सुरुवातीला जी६१ हा कोड टाकून दिला. तिसऱ्यानं फोनवरच निकाल दिला की पितळच हलकं आहे. तिघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे दोष आमच्या पोरीच्या हाताचा. तिच्यासमोर, तिला ऐकू जाईल अशा आवाजात ते हे बोलले. आयटीआय करून आमच्याकडे लागलेली ती मुलगी त्यानंतर जेवायच्या सुट्टीतही कुणाशी बोलेनाशी झाली. मी त्या माणसांना पैसे दिले, काका. पैशाचं मला काही वाटत नाही. तिचा चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मग तुम्ही आलात. पॅनलपाशी गेला नाहीत, फाइल उघडा म्हणाला नाहीत. खिशातून ते दहा पटीचं भिंग काढलंत आणि माझ्याकडे न देता, स्वतःही न बघता, सरळ तिच्या हातात ठेवलंत. "पोरी, मशीनजवळ दिवसभर तू असतीस. तू बघ आणि मला सांग." एवढं बोलून तुम्ही दोन पावलं मागं सरलात, हात पाठीमागं बांधून.

मला आठवतंय, तिनं भिंग लगेच डोळ्याला लावलं नाही. आधी माझ्याकडे पाहिलं, खरंच बघू का, असं. मग वाकली. आणि ती काय बोलली ते मला जसंच्या तसं लिहायचंय: "सरळ रेघेला आवाज एकसारखा येतो. पिसाऱ्यात शिरलं की टर्रटर्र करतं. जिथं आवाज तुटतो तिथंच रेघ जाड होते." हे ती पहिल्यांदा सांगत नव्हती. आधीच्यांनाही तिनं सांगायला तोंड उघडलं होतं, पण कुणी वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. तुम्ही ते पुरं ऐकलंत आणि लगेच विचारलंत, "आवाज तुटतो तेव्हा टेबल थांबतं का चालू राहतं?" ती म्हणाली, थांबतं. त्याच क्षणी तुमचा चेहरा उजळला.

पुढचं सगळं मी सांगत बसत नाही. पण जे आमच्यासारखेच अडकलेत त्यांच्यासाठी मुद्द्याचं तेवढं लिहिते. आमचं डिझाइन एका चित्रावरून कॉम्प्युटरनं आपोआप गिरवलेलं होतं. डोळ्याला गोल दिसणारा पिसारा फाइलमध्ये सरळ रेघांचा चुरा होता, एकेक तुकडा ०.०२ मिमीचा. फीड मिनिटाला ३०० मिमी, म्हणजे सेकंदाला ५ मिमी. तेवढ्यात मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरनं प्रोग्रामच्या २५० ओळी वाचायच्या! त्यात तो जी६१, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी नेमकं थांबायचं. टेबल थांबत होतं, टूल फिरवणारा स्पिंडल चालूच होता, आणि टूल जागच्या जागी घासून रेघ रुंद करत होतं. तुम्ही कागदावर गणित मांडून दाखवलंत की १० मिमी त्रिज्येच्या वळणाला मूळ गोलाईपासून ०.०१ मिमी हटायची सूट दिली, तर जवळपास ०.९ मिमीचा तुकडा चालतो आणि फरक डोळ्याला दिसत नाही. पिसारा नव्यानं काढून घेतला, वळणं जी०२ आणि जी०३ या गोल कमानीच्या कोडमध्ये आली, प्रोग्रामच्या माथ्यावर जी६४, म्हणजे न थांबता सलग चालायचा कोड, आला. टर्रटर्र गेली.

मधला ठसठशीतपणा राहिला होता. तुम्ही पत्र्यावर टिचकी मारलीत. कडेला एक आवाज, मध्यावर दुसरा, पोकळ. तिलाही मारायला लावलीत. पत्रा चारी कडांनी क्लॅम्प केल्यामुळं मधे फुगत होता. उंचीतला बारीक फरक मोजणारी डायल लावली तर ०.१ मिमीचा फुगवटा निघाला. साठ अंशांचं टोकदार टूल, खोली ०.४ मिमी, अशा टूलनं रेघेची रुंदी खोलीच्याच प्रमाणात वाढते. म्हणजे फुगवट्यावर रेघ चौथ्या हिश्श्यानं जाड होणारच, तिथं ऑपरेटरनं काय करायचं? आता खाली अॅल्युमिनियमची प्लेट त्याच मशीनवर वरचा थर कापून सपाट केली आहे आणि पत्रा दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या टेपनं बसतो.

आणि तो ठिपका. टूल पत्र्यात उतरतं तिथं खूण राहतेच, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिरांचं सांगितलंत, की वेल कोरताना त्यांचा हात पानाच्या मधे थांबत नाही, देठाशी थांबतो. आपल्या टूललाही देठाशीच उतरवा. टूलपाथची, म्हणजे टूलच्या वाटेची, सुरुवात आम्ही प्रत्येक पानाच्या देठाशी नेली, जिथं दोन रेघा एकमेकींत मिसळतात. ठिपका त्यात विरून गेला. सॉफ्टवेअर ती सुरुवात स्वतःच्या सोयीनं कुठंही टाकतं. ती हलवता येते हे आम्हाला विकणाऱ्यानं कधी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, वेल कशी वाढते हे त्यानं कधी पाहिलंच नसावं.

काका, ज्ञान असणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत जा, मशीन उघडून जोडून देणारे हात सापडतील. पण ज्याला कुणी विचारत नाही त्याला विचारायचं, आणि विचारून मग गप्प राहून ऐकायचं, हे फार थोड्यांना जमतं. आपल्या कारखान्यांत खुर्ची जितकी मशीनपासून लांब तितका शब्दाला मान जास्त. टूलचा आवाज ज्याच्या कानात आठ तास असतो त्याला मात्र कुणी मीटिंगला बोलावत नाही. मला हे चुकीचं वाटतं, अन्यायाचं वाटतं, आणि पैशाच्या हिशेबानंही खुळेपणाचं वाटतं. त्या पहिल्या माणसानं तिचं एक वाक्य पुरं ऐकलं असतं तर माझे निम्मे पत्रे वाचले असते.

तुम्ही पूर्ण हयात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनतात तिथं, काढलीत. तुम्हालाही कधीतरी कुणीतरी असंच मागं ढकललं असेल का, असं त्या दिवशी मनात आलं, पण विचारायचं धाडस झालं नाही. एवढं खरं की भिंग तिच्या हातात देताना तुम्ही तिच्यावर उपकार करत नव्हतात. तुम्हाला खरंच उत्तर हवं होतं आणि ते तिच्याकडेच आहे अशी तुमची खात्री होती. तिला ते कळलं. मलाही कळलं.

त्या दिवसापासून ती सेटिंगची वही ठेवते. कुठलं टूल, किती खोली, कुठं आवाज बदलला, सगळं लिहिते. परवा एका पुरवठादाराचा माणूस आला आणि सवयीनं माझ्याशी बोलायला लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं, मशीनचं तिला विचारा. तिनं वही उघडून त्याला जे सुनावलं ते ऐकायला तुम्ही हवे होता.

आता एक नवं काम आलंय. देवीच्या मूर्तीमागची प्रभावळ, तीही पितळेची, पण सपाट नाही, पुढं बाक आहे. बाकावर रेघेची खोली सारखी कशी ठेवायची यावर तिच्या मनात काही आहे आणि ते तिला तुमच्याशीच बोलायचंय. मी मधे पडणार नाही. रविवारी सकाळी ती स्वतः फोन करेल, तेवढा उचला.

तुमची,
एक कारखानदार, कोल्हापूर