डॅडीच्या खापरपणजोबांची कबर

प्रिय सोनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की सुट्टीत आलीस की न्यू बेडफर्डला जाऊन डॅडीच्या त्या दर्यावर्दी खापरपणजोबांच्या कबरीवर फुलं ठेवून येऊया, तेव्हा तुला क्लासला जायची घाई होती म्हणून मी काही बोलले नाही, आता निवांत लिहिते. त्यांची कबर न्यू बेडफर्डला नाहीये गं. कुठेच नाहीये. पण ते कुठे गेले, कसे गेले हे आता नक्की कळलंय आणि मला ते तुला पहिल्यांदा सांगायचंय, वोवोलासुद्धा, तुझ्या डॅडीकडच्या आजीला, अजून सांगितलं नाहीये.

डॅडीच्या घरी कायम एकच गोष्ट सांगतात ना, की व्हेलने होडी उलटवली आणि ते बुडाले. तसं झालेलंच नाही. शोधायला सुरुवात केली ती न्यू बेडफर्डहून व्हेलच्या शिकारीला सुटणाऱ्या जहाजांच्या क्रू लिस्टपासून, तिथे एकेका खलाशाचं वय, उंची, केसांचा रंग असं सगळं लिहिलेलं असतं, पण हे त्यात कुठेच नाहीत. अमेरिकेत गेल्यावर पोर्तुगीज पेरेराचा पेरी व्हायचा, रोड्रिग्जचा रॉजर्स व्हायचा, म्हणून तशीही सगळी नावं चाळली तरी नाहीत. कारण ती यादी करायचे जहाज न्यू बेडफर्डहून सुटताना, आणि हे चढले होर्ताला, म्हणजे पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी फायाल बेटाच्या बंदरात. व्हेलच्या शिकारीला निघालेली अमेरिकन जहाजं तिथे थांबून पाणी, भाजीपाला घ्यायची आणि कमी पडलेली माणसंही तिथेच भरायची. सक्तीच्या लष्करभरतीला घाबरून कितीतरी पोरं रात्रीत गुपचूप जहाजावर चढायची. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, तुझ्याएवढी.

मग फायालच्या चर्चची जुनी रजिस्टरं बघितली, ती स्कॅन करून फुकट ऑनलाइन ठेवलीयत, केवढं मोठं काम आहे ते! मृत्यूच्या नोंदीत काही नाही, ते साहजिकच, समुद्रावर गेलेल्या माणसाची नोंद गावचा पाद्री कशी करणार. पण मला वाटलं, मागे राहिलेल्या बाईचं काय झालं? पदरात तान्हं पोर (तेच पुढे न्यू बेडफर्डच्या कापडगिरणीत कामाला आले, तुझे खापरपणजोबा), तिने दुसरं लग्न केलं असेल तर पहिला नवरा गेल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय पाद्री लग्न लावणार नाही. आणि तसंच निघालं सोनू! तिच्या दुसऱ्या लग्नाच्या नोंदीत साफ लिहिलंय की ही विधवा, नवरा अमेरिकन जहाजावर समुद्रात वारला, आणि पुढे जहाजाचं नाव, स्पेलिंग चुकीचं पण ओळखू येईल असं. 1860 नंतरच्या पोर्तुगीज नोंदी अशा सविस्तर असतात हे आपलं नशीब. माणूस सापडत नसेल तर त्याच्या बायकोला शोधावं, हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं मला.

जहाजाचं नाव मिळाल्यावर शोधलं त्याचं लॉगबुक, म्हणजे जहाजाची रोजची नोंदवही. न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियमकडे दोन हजारांच्या वर लॉगबुकं आहेत, त्यात हे होतं. पानापानावर वारा, अक्षांश, रेखांश, आणि व्हेल मारला की मार्जिनमध्ये छोटासा व्हेलचा काळा शिक्का. 1883 च्या मार्चमधल्या त्या पानावर शिक्का नाही. ताप येऊन आठवडाभर पडून असलेला पोर्तुगीज पहाटे गेला, दुपारी कॅनव्हासमध्ये शिवून, पायाशी वजन बांधून समुद्रात सोडला, एवढ्याच दोन ओळी आणि लगेच पुढे वारा नैऋत्येचा. दोन दिवसांनी त्यांच्या पेटीतले कपडे डोलकाठीपाशी लिलावात विकले, तशी पद्धतच होती. ते वाचून मी फार रडले. नाव धड लिहिलं नाही त्यांनी, पण अक्षांश-रेखांश लिहिलाय, दक्षिण अटलांटिकमधली ती जागा नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

न्यू बेडफर्डच्या सीमेन्स बेथेल या खलाशांच्या चर्चच्या भिंतींवर समुद्रात गेलेल्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या आहेत, तिथे आपण जाऊच, पण यांची पाटी त्यात नाही हे आधीच सांगून ठेवते. फायालला त्यांच्या बायकोचीही कबर मिळायची नाही, तिथे काही वर्षांनी हाडं काढून तीच जागा दुसऱ्याला देतात.

माझ्या मनात काय आहे सांगू? तिथी माहीत नाही म्हणून इतकी वर्षं मी त्यांचं पान सर्वपित्रीला वाढत आले, डॅडी काही बोलायचा नाही, शेजारी येऊन बसायचा. आता तारीख हातात आहे तर तिथी काढता येईल आणि वोवोच्या चर्चमध्ये 2 नोव्हेंबरला मृतांसाठी मिसा असतो तेव्हा त्यांचं नाव, पूर्ण पोर्तुगीज नाव, वाचायला देता येईल. तू आधीचा शनिवार-रविवार धरून ये, वोवोला आपण दोघी मिळून सांगू.

पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलाय. तारखेचा आकडा मला 3 दिसतो, डॅडीला 8. तुझे डोळे चांगले आहेत, मोठा करून बघ आणि आजच कळव.

तुझी,
आई