चियांग माईच्या बाजारातल्या ताईंना, ओवलेल्या सुयांबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र आमची नात तुम्हाला थाईत वाचून दाखवील. ती तिथल्याच शाळेत शिकते, तिला सगळं नीट सांगता येतं. मला येत नाही, म्हणून समोरासमोर जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या दुकानापुढे मी नुसता हात जोडून उभा राहिलो, तुम्हीही हात जोडलेत. पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. साताऱ्याला परतल्यापासून सारखं वाटतंय की हे आमच्या माणसांनाही कळायला हवं. म्हणून मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितोय.

आम्हाला तुम्ही चेहऱ्याने ओळखता, बाकी माहीत असायचं कारण नाही. लेक-जावई नोकरीनिमित्त चियांग माईला असतात. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्तीनंतर थंडीचे महिने आम्ही दोघं लेकीकडे काढतो आणि शेतं-जंगलं पेटवल्याचा धूर खोऱ्यात साचायला लागायच्या आत परत फिरतो. सकाळी जुन्या शहराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या सुआन बुआक हात बागेत फेऱ्या मारायच्या, मग लाल सोंगथ्याव, म्हणजे तिथली शेअर गाडी, पकडून तुमच्या काद लुआंग बाजारात यायचं. आधी नदीकाठच्या फुलबाजारात झेंडू आणि मोगऱ्याच्या माळा बघायच्या, मग भाजी घ्यायची. हदग्याची फुलं, केळफूल, कोवळा फणस, शेवग्याच्या शेंगा! आमच्याकडे हदग्याच्या फुलांसाठी मंडईत चौकशी करावी लागते, तुमच्याकडे वाटे मांडून ठेवलेले असतात. दुपार आपापल्या छंदाची. मला झाडांचं वेड. लाम्फूनच्या रस्त्यावरचे ते भगवी वस्त्रं गुंडाळलेले यांग ना नावाचे उंच वृक्ष मी कितीदा तरी जाऊन बघतो. रस्त्याच्या कडेचं झाड तोडलं जाऊ नये म्हणून त्याला भिक्षूचं वस्त्र नेसवणाऱ्या लोकांबद्दल मला आधीपासूनच आदर होता. तो का होता, ते तुमच्यामुळे नीट कळलं.

हिचा छंद गोधडीचा. आईकडून शिकलेला. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, कडेकडेने धावदोरा घालत मध्यावर यायचं, कोपऱ्यांना फुल्या लावायच्या. आमच्या घरात, नात्यात जन्मलेलं एकही मूल हिच्या दुपट्याशिवाय वाढलं नाही. मग हिच्या दृष्टिपटलाचा मधला भाग खराब होऊ लागला. बाजूचं दिसतं, पण बरोबर समोर बघावं तिथे धूसर. सरळ रेघ वाकडी दिसते. टाके हिला बोटांनी कळतात, त्याला डोळे लागत नाहीत. अडलं ते सुईच्या नेढ्यापाशी.

आता जे लिहितोय ते रागाने लिहितोय. आमच्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासणी केली, औषध लिहिलं आणि हिने शिवणाचं विचारल्यावर मानही वर न करता म्हणाले, “आता या वयात कशाला ते उद्योग?” ज्येष्ठांसाठी म्हणून चालवल्या जाणाऱ्या एका कलावर्गात हिला सांगितलं की इतरांचा वेळ जातो, तुम्ही भजनाला बसा. नातेवाइकांनी तर सुस्काराच सोडला, बरं झालं, आता आराम करा. सुई ओवायची ती बारीक तार आणली, तर तिचं भोकही हिला दिसेना, शिवाय गोधडीच्या जाड दोऱ्यात ती तुटते. माझा हात थरथरतो, मला ओवता येत नाही. लेक दिवसभर कामावर. आणि प्रत्येक दोऱ्याला कुणाची तरी वाट बघायची, हे हिच्या स्वभावात नाही. हिने सुयांचा डबा कपाटात टाकला. त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, पण संध्याकाळी टीव्हीपुढे हात मांडीवर ठेवून नुसती बसायला लागली.

अशात आम्ही बाजारातल्या तुमच्या ह्मोंग गल्लीत, डोंगरातल्या ह्मोंग लोकांच्या कापडाच्या दुकानांमध्ये, शिरलो. तुमच्या फळकुटावर मेणाची नक्षी काढून निळीत रंगवलेले कापडाचे तुकडे होते, आणि ती कापडावर कापड शिवून केलेली गोगलगाईच्या शंखाची वळणं. हिने एक तुकडा उचलला, डोळ्याच्या कडेशी नेला, मग डोळे मिटून मागच्या बाजूने टाक्यांवरून बोट फिरवलं. तुम्ही हातातलं काम थांबवून बघत होतात. कितीला, काय हवं, काही विचारलं नाहीत. आपलं स्वतःचं अर्धवट शिवण हिच्या हातात दिलंत. सुईतला दोरा संपत आला होता. हिने त्यातच चार टाके घातले, आणि तुम्ही ते उलटसुलट करून पाहिलेत आणि मान डोलावलीत. मग हिने नवा दोरा तोंडात ओला केला. ओवायला गेली. चुकलं. परत चुकलं. मी पुढे हात केला, तो थरथरत होता.

तुम्ही हिच्या हातातली सुई काढून घेतली नाहीत, ताई. सगळे तेच करतात. “द्या इकडे” म्हणतात, ओवतात आणि परत देतात, आणि देताना चेहऱ्यावर कीव असते. तुम्ही आपल्या उशीतून दहा-बारा सुया काढल्यात, शांतपणे एकेक ओवलीत, जाड कापडाच्या पट्टीत ओळीने टोचलीत, दोरे गुंतू नयेत म्हणून प्रत्येकाचा आठाच्या आकाराचा वेढा घातलात, पट्टीची गुंडाळी केलीत आणि ती हिच्या पिशवीत ठेवून दिलीत. पैसे पुढे केले तर निळ्या तुकड्यांचे तेवढे मोजून घेतलेत.

त्या रात्री दिवा मालवल्यावरही ही शिवत होती.

पुढच्या आठवड्यात रिकामी पट्टी घेऊन गेलो. ही मला विचारत होती, “ही तांबडी की काळी?” ते तुमच्या कानावर पडलं. भाषा कळली नसणार, पण अडचण कळली. पुढच्या गुंडाळीत पांढऱ्या दोऱ्याच्या शेवटी एक गाठ होती, तांबड्याच्या दोन, निळ्याच्या तीन, आणि पिवळ्याला बारीक मणी. हिने बोटाने चाचपलं आणि मोठ्याने हसली. किती दिवसांनी ते हसू ऐकलं, मला सांगता येणार नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहून पोट भरणारी बाई गिऱ्हाइकी सोडून परक्या देशातल्या बाईसाठी गाठी मारत बसते! ना काही देणंघेणं, ना पुन्हा भेटीची खात्री. माझ्या देशातल्या शिकलेल्या माणसांना जे सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं, कारण तुम्ही हिच्याकडे आजारी म्हातारी म्हणून पाहिलंच नाहीत. आपल्यासारखीच शिवणारी बाई म्हणून पाहिलंत. माणुसकीवर भाषणं पुष्कळ ऐकली आणि शाळेत मुलांपुढे केलीही. ती इतकी बारकाईने वागून दाखवलेली मात्र मी प्रथमच पाहिली.

रविवारी संध्याकाळी था पे वेशीकडच्या बाजारात सहाला राष्ट्रगीत लागतं आणि सगळी गर्दी जागच्या जागी थांबते, तेव्हा ही बाकावर बसून शिवत असायची. हीही सुई टोचून उठून उभी राहायची. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण गेल्या थंडीत हिला त्या बाजारात यायचंच नसायचं. कुणाचा धक्का लागेल, काही दिसत नाही, मी घरीच बरी.

निघताना तुम्ही दिलेल्या मोठ्या गुंडाळीतले दोरे आता संपलेत. काळजी करू नका. आमच्या वरच्या मजल्यावर कॉलेजात जाणारी एक मुलगी राहते, तिला हिने तुमची पट्टी दाखवली. गाठींचा हिशेब तिने लगेच उचलला, दर रविवारी ती भरून देते. फक्त आठाचा वेढा तिला अजून तुमच्यासारखा जमत नाही, दोरे गुंततात. तो तुम्ही कसा घालता, ते नातीने मोबाइलवर टिपून पाठवावं, एवढी परवानगी द्या.

आणि एक काम आहे. तुमच्या निळ्या तुकड्यांच्या आणि हिच्या जुन्या इरकली लुगड्यांच्या गोधडीचे थर लावून झाले आहेत. ती तुमच्यासाठी आहे. पैशाचं नाव काढू नका, ही ऐकणार नाही. डिसेंबरात आम्ही येतो आहोत, तोवर पुरी व्हायला हवी. तुमच्या खाटेची लांबी-रुंदी तेवढी नातीकडे सांगा.

आपला,
साताऱ्याचा एक निवृत्त शिक्षक