बंड्या, आधी वही उघड

भोसरी, रविवार रात्र

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

‘12 वर्षं स्टोअर्स सांभाळलं, आता दुसरं काय येतंय मला?’ हे तुझं वाक्य फोन ठेवल्यापासून डोक्यात घोळतंय. वहिनी शेजारीच होत्या, म्हणून तेव्हा वाद घातला नाही. आता घालतो.

गेल्या वर्षी कारखान्यातली आमची लाइन बंद झाली, तेव्हा मीही तुझ्यासारखाच मोबाइल घेऊन बसलो होतो. एकच बायोडाटा सत्तरएक ठिकाणी पाठवला. फोन आले दोन, त्यातला एक विमा विकायच्या कामाचा. शेवटी भाचीने पकडलं. ‘मामा, आमची जशी कल चाचणी घेतात तशी तूही दे,’ म्हणाली आणि अमेरिकेच्या श्रम खात्याची फुकट प्रश्नावली समोर उघडून दिली. प्रश्नावलीचं नाव ओनेट इंटरेस्ट प्रोफायलर. 60 प्रश्न. पहिलाच प्रश्न, स्वयंपाकघरातली कपाटं बनवायला आवडेल का? दुसरा, विटा-फरशा बसवायला आवडेल का? मला हसूच आलं. पण त्यांची एक अट मला पटली: पगार किती आणि तेवढं शिक्षण आहे का, हे मनात आणायचं नाही, फक्त आवडेल की नाही ते सांगायचं. आपल्याला असं कोणी कधी विचारलंय का रे?

यामागची मांडणी जॉन हॉलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाची, 1959 सालची. माणसाचा कल तो सहा गटांत पाहतो: हातांनी काम करणारा, शोध घेणारा, कलावंत, लोकांत रमणारा, धंदा पुढे नेणारा आणि नोंदी-हिशेब चोख ठेवणारा. माझ्यात पहिला गट वर येणार हे ठरलेलंच होतं. त्याच्या पाठोपाठ आला लोकांत रमणारा! मी म्हटलं, यंत्र चुकलं. तर ही आतून ओरडली, ‘मग रविवारीसुद्धा ती नवी पोरं तुम्हालाच का फोन करतात?’

खरंच, 14 वर्षं इन्स्पेक्शन करताना ट्रेनी पोरांना व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, धरायला शिकवणं हे माझं काम आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. बायोडाट्यात त्याची एक ओळ नव्हती.

पण बंड्या, चाचणी फक्त आवड सांगते. येतं काय ते तिला कळत नाही, आणि नोकऱ्याही तिने अमेरिकेतल्या दाखवल्या. खरा उपयोग झाला तो वहीचा. पदाचं नाव न लिहिता, सकाळी गेटमधून आत गेल्यापासून हात काय काय करतात ते लिहून काढलं. चार संध्याकाळी लागल्या. त्यात गेज, म्हणजे मापं तपासायची साधनं, कॅलिब्रेशनला (ती अचूक मोजतात का हे पडताळायला) पाठवणं, आलेली सर्टिफिकेटं तपासणं, ऑडिटला उत्तरं देणं हे इतक्यांदा आलं की तिथेच बोट अडकलं. दर सहा महिन्यांनी आमची गेज न्यायला यायचा त्या माणसाला फोन केला. नोकरी मागितली नाही, 20 मिनिटं मागितली. लॅबना मान्यता देणारी एनएबीएल ही संस्था म्हणजे काय, अशा लॅबसाठीचं 17025 हे आंतरराष्ट्रीय मानक काय मागतं, हे त्याने चहावर सांगितलं. आणि या कामाच्या जाहिराती ‘मेट्रॉलॉजी’, म्हणजे मोजमापाचं शास्त्र, या नावाने येतात, हेही. मी इतके दिवस ‘क्वालिटी’ टाकून शोधत होतो! (आमच्या काकांना अजून वाटतं मी हवामान खात्यात लागलोय.) या नव्या नोकरीत पगार 6 हजारांनी कमी आहे, ते लपवत नाही.

आता तुझं. 2018 ला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) आलं, तेव्हा सगळा डिस्पॅच अडकला होता. ते शिकून गाड्या कोणी सोडल्या? वर्षअखेरीला स्टॉक जुळेना तेव्हा साहेब कोणाला हाक मारायचे? हे ‘स्टोअर कीपर’ या दोन शब्दांत मावतं का? वेअरहाउस, इन्व्हेंटरी, लॉजिस्टिक्स हे शब्द टाकून जाहिराती वाच. लगेच अर्ज करू नकोस. दहा जाहिरातींत परत परत काय मागितलंय ते खाली मांड आणि वहीशी ताडून बघ. उरेल तेवढंच शिकायचं, एक्सेल असेल बहुतेक.

केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर आणि राज्याच्या महास्वयमवर नाव नोंदव, दोन्ही फुकट आहेत. रोजगार मेळाव्यांची खबरही तिथे लागते. नोंदणीचे पैसे मागणारा फोन आला की ठेवून दे. समोर बसून नीट चाचणी द्यायची असेल तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनी आहे. आलास तर मुक्काम आमच्याकडेच.

पण आधी वही. बुधवारपर्यंत पहिलं पान फोटो काढून पाठव. अक्षराची लाज धरू नकोस, सातपूरला तुझी बिन कार्डं (मालाच्या नोंदीची) मीच वाचायचो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
अप्पा