विद्यापीठाच्या त्वरक प्रयोगशाळेस जाहीर आभारपत्र

प्रयोगशाळेचे संचालक, अभियंते, तंत्रज्ञ व विद्यार्थी यांस,

स. न. वि. वि.

आमच्या न्यूक्लियर मेडिसिन विभागातील कर्करुग्णांची पीईटी तपासणी, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन शरीराच्या आतली प्रतिमा घेणे, आपल्या सायक्लोट्रॉनच्या, म्हणजे अणूंतील कणांना प्रचंड वेग देणाऱ्या त्वरक यंत्राच्या, भरवशावर चालते. रुग्णांची आणि आपली गाठ कधी पडत नाही, म्हणून त्यांच्या वतीने हे आभार मी जाहीरपणे मानत आहे.

या तपासणीला लागणारे फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी द्रव्य सुमारे ११० मिनिटांत निम्मे उरते, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही आणि फार दुरून मागवताही येत नाही. ऑक्सिजन-१८ने समृद्ध केलेल्या पाण्यावर प्रोटॉनांचा झोत सोडून आपण ते तयार करता. मग ते ग्लुकोजसारख्या रेणूला जोडले जाते, औषधाची शुद्धता तपासली जाते आणि त्यानंतरच ते आमच्याकडे येते. कर्कपेशी बहुधा ग्लुकोज अधिक प्रमाणात शोषून घेतात, म्हणून आजार कुठवर पसरला आहे हे प्रतिमेत दिसते आणि शस्त्रक्रिया करावी की नाही, यासारखा निर्णय घेता येतो. सकाळी पहिल्या रुग्णाला इंजेक्शन दिले जाते, तेव्हा आपल्यापैकी काहींची रात्रपाळी नुकतीच संपलेली असते, याची आम्हाला जाणीव आहे.

रुग्णालयाची गरज भागली की तोच झोत अल्पायुषी अणुकेंद्रांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांकडे वळतो. अशा संशोधनाचा उपयोग काय, असे अनेकदा विचारले जाते. हार्वर्ड विद्यापीठाचा सायक्लोट्रॉन १९४९मध्ये भौतिकशास्त्रासाठी सुरू झाला. प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा मार्गाच्या शेवटी सोडतात, त्यामुळे गाठीपलीकडच्या निरोगी ऊतींना वाचवता येईल, हे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६मध्येच मांडले होते, आणि १९६१ ते २००२ या काळात त्याच यंत्रावर नऊ हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. आमच्या स्कॅनरमधील किरण टिपणाऱ्या उपकरणांचे (डिटेक्टरांचे) तंत्रही अणुकेंद्रीय भौतिकीतूनच आले आहे. त्यामुळे संशोधनाचे तास कापून ते आम्हाला द्यावेत, असे मला मुळीच वाटत नाही.

परिसरातील उद्योगांना आपण देत असलेल्या वेळेबद्दलही लिहायला हवे. अवकाशातील एखादा जड आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, चिपमधून गेला, तर तिच्या स्मृतीत (मेमरीत) नोंदलेल्या शून्याचा एक होऊ शकतो, आणि उपग्रह एकदा वर गेला की चिप बदलता येत नाही. म्हणून ती आधीच आयनांच्या झोताखाली तपासावी लागते. इंजिनाच्या भागाचा पातळ थर किंचित किरणोत्सारी करून त्याची सूक्ष्म झीज मोजण्याची पद्धतही अशीच मोलाची आहे. लहान कारखानदाराला स्वतःचा त्वरक उभारणे शक्य नसते. विद्यापीठाचे दार उघडे असेल तरच त्याला ही सोय मिळते. शिवाय निर्वात यंत्रणा, चुंबक आणि उच्च वारंवारतेची उपकरणे हाताळून तयार झालेले आपले विद्यार्थी पुढे रुग्णालयांत आणि कारखान्यांत उपयोगी पडतात.

देखभालीसाठी झोत बंद राहणार असल्याची सूचना आपण नेहमी पुरेशी आधी देता, त्यामुळे उपाशीपोटी आलेल्या रुग्णाला परत पाठवण्याची वेळ आमच्यावर सहसा येत नाही. यंत्रात ऐनवेळी बिघाड झाला, तर नेमका किती विलंब होईल हे आपण स्पष्टपणे सांगता, आणि त्या अंदाजावर आम्ही निर्धास्तपणे वेळापत्रक बदलतो. या सचोटीबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक ऋणी आहोत.

कळावे,
आपला स्नेहांकित,
न्यूक्लियर मेडिसिन विभागातील एक डॉक्टर