मार्क १४ टॉर्पेडोतले तीन दोष

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

युद्ध पेटलं की पैसा ओतला जातो, शास्त्रज्ञ कामाला जुंपले जातात आणि शस्त्रं झपाट्यानं सुधारतात, असं तू लिहिलंस. पैशाचं खरं आहे. पण रणांगणावरची तक्रार कारखान्यापर्यंत किती लवकर पोचते आणि तिथं ती कुणी खरी मानतं का, यावर माझ्या मते जास्त अवलंबून असतं. अमेरिकी नौदलाचा मार्क १४ टॉर्पेडोच घे, म्हणजे पाणबुडीतून सोडायचा, पाण्याखालून धावत जाऊन जहाजावर फुटणारा पाणतीर.

अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या नौदल केंद्रात १९३०च्या दशकात तो तयार झाला. व्यास ५३ सेंटीमीटर, वेग ४६ नॉट, म्हणजे ताशी ८५ किलोमीटर. एकेकाची किंमत सुमारे १०,००० डॉलर. मंदीच्या दिवसांत खरा टॉर्पेडो चाचणीत उडवायची कुणाची तयारी नव्हती. १९४१च्या डिसेंबरात पाणबुड्या तोच घेऊन लढाईत उतरल्या आणि नेम बरोबर असूनही जहाजं बुडेनात. कप्तान तक्रार करत होते. शस्त्रखातं त्यांच्याच नेमबाजीला दोष देत होतं.

दोष एकाखाली एक दडलेले होते, म्हणून एक काढल्याशिवाय दुसरा दिसत नव्हता. पहिला खोलीचा. जून १९४२मध्ये ॲडमिरल लॉकवुड यांनी ऑस्ट्रेलियात अल्बनीजवळ समुद्रात सरळ मासेमारीचं जाळं बांधलं आणि त्यातून टॉर्पेडो सोडले. भोकं मोजली तर टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा सरासरी ११ फूट खाली धावत होते. सराव चाचण्यांत टॉर्पेडोला बसवलेलं पुढचं डोकं खऱ्या वॉरहेडपेक्षा, म्हणजे स्फोटकं भरलेल्या डोक्यापेक्षा, हलकं होतं. शिवाय पाण्याचा दाब मोजणारं भोक शेपटीकडे, जिथं वेगामुळे दाब कमी भरतो. यंत्राला वाटायचं आपण उथळ आहोत, आणि ते आणखी खाली जायचं.

दुसरा दोष चुंबकीय एक्स्प्लोडरचा, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेचा. जहाजाच्या पोलादामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं, तो बदल टिपून तळाखाली स्फोट करायचा, अशी कल्पना. पण हे क्षेत्र अक्षांशानुसार बदलतं. त्यामुळे कधी वाटेतच स्फोट, कधी काहीच नाही. जून १९४३मध्ये पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांनी तो बंदच करायला लावला. जर्मनांना नॉर्वेच्या मोहिमेत १९४०मध्ये असाच अनुभव आला होता. ब्रिटिशांनी मात्र काही तासांत धडा घेतला. २६ मे १९४१ला आर्क रॉयल या विमानवाहू जहाजाच्या विमानांनी चुकून आपल्याच शेफील्ड या युद्धनौकेवर चुंबकीय टॉर्पेडो टाकले. त्यांतले बरेच पाण्याला लागताच फुटले. पुढच्या फेरीत आघातानं स्फोट घडवणारी यंत्रणा बसवली, आणि त्याच संध्याकाळी बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू निकामी झालं.

तिसरा दोष सगळ्यात विलक्षण. २४ जुलै १९४३ला टिनोसा पाणबुडीनं तोनान मारू नं. ३ हे मोठं जपानी जहाज अडवलं. ते थांबल्यावर काटकोनात टॉर्पेडो सोडले. एकामागून एक आदळले, पण फुटले नाहीत. कप्तान डॅस्पिट यांनी शेवटचा तपासणीसाठी राखून परत आणला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मग हवाईत काहूलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो मारून पाहिले. नंतर क्रेननं ९० फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकले. काटकोनात दहांपैकी सात फुसके, तिरप्या आघातात त्याच्या निम्मेच. आघात होताच सरकून स्फोट सुरू करणारी फायरिंग पिन टॉर्पेडोच्या दिशेला आडवी सरकत होती. जोराच्या सरळ आघातात ती मार्गिकेच्या भिंतीवर दाबली जायची, घर्षण वाढायचं आणि ती डेटोनेटरपर्यंत, म्हणजे स्फोटाची ठिणगी देणाऱ्या भागापर्यंत, पुरेशा जोरात पोचायची नाही. म्हणजे नेम जितका उत्तम, तितकी स्फोटाची शक्यता कमी! उपाय साधा: हलक्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची पिन. तिचं वजन घटलं की घर्षणही घटतं. शरद ऋतूपर्यंत दुरुस्त टॉर्पेडो पाणबुड्यांत पोचले. युद्धाला तेव्हा पावणेदोन वर्षं होऊन गेली होती.

त्याच काळातला प्रॉक्सिमिटी फ्यूज बघ, म्हणजे लक्ष्याजवळ पोचताच तोफगोळा फोडणारं रेडिओ यंत्र. तोफगोळ्यात बसवायच्या रेडिओ नळ्यांना गुरुत्वाच्या सुमारे २०,००० पट धक्का सोसायचा होता. अमेरिकी शास्त्रज्ञ टूव्ह यांच्या गटानं त्या तोफेतून उडवल्या, गोळे उकरून काढले, काय तुटलं ते पाहिलं आणि पुन्हा उडवल्या. जानेवारी १९४३मध्ये हेलेना क्रूझरनं त्यानं पहिलं विमान पाडलं. इथंही पैसा होता, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक तुकडा तपासला जात होता.

मार्क १४नंतर आलेला विजेवर चालणारा मार्क १८ जर्मन जी७ई टॉर्पेडोवरून बनवला होता. त्याच्यामागे बुडबुड्यांची रेष उठत नव्हती. पण गोल फिरून परत येण्याचा धोका उरलाच. ऑक्टोबर १९४४मध्ये टँग पाणबुडी स्वतःच्याच मार्क १८नं बुडाली. ८७ पैकी ९ जण वाचले. सुकाणू अडकलं की टॉर्पेडो वर्तुळात धावतो, आणि सोडणाऱ्या पाणबुडीला वळायला किंवा बुडी मारायला काही सेकंदच मिळतात.

रडारचं तू विचारलं आहेस, ते पुढच्या पत्रात. रडारच्या लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉन नळीपासून सुरुवात करू.

तुझा,
विनय