पंप संगणकाने चालवा, पण जोडणी नीट हवी

महोदय,

सावईवेरेच्या आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, भाच्याने पंप संगणकाने चालू-बंद करायची जुळणी केली. मुलगा हुशार आहे. पण आर्डुइनो ऊनो या छोट्या संगणक-बोर्डाच्या पिनेला त्याने रिलेची (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचची) कॉइल थेट जोडली होती. ३० वर्षे वायरमनचे काम केल्यामुळे मला राहवले नाही.

आर्डुइनो ऊनोच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा. ५ व्होल्टच्या साध्या रिलेला साधारण ७० लागतात. मध्ये ट्रान्झिस्टर हवाच, आणि कॉइल बंद होताना उसळणाऱ्या विद्युतदाबासाठी तिच्यावर उलटा डायोड.

खरा धोका पुढे आहे. रिलेवर ‘१० अँपिअर’ वाचून मुले मोटर त्यातूनच चालवतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या ५-६ पट प्रवाह ओढते. रिलेचे पॉइंट चिकटतात आणि बोर्डाने ‘बंद’ सांगूनही पंप चालूच राहतो. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरचा भार पेलणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवावी; मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. भाच्याने तर न्यूट्रल तोडली होती, फेज नव्हे! म्हणजे पंप थांबला तरी वाइंडिंगवर २३० व्होल्ट होतेच. पोफळींना पाणी सोडताना आमचे पाय कायम चिखलात असतात, हे विसरून कसे चालेल?

असे प्रकल्प आता शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही दिसतात. परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: गुण देण्याआधी मेन बंद करून डब्याचे झाकण उघडा आणि फेज कुठे तुटते ते मुलालाच दाखवायला सांगा.

– एक निवृत्त वायरमन, फोंडा